चिपला दोष देण्याआधी मोजणीतल्या या चुका टाळा

आपण डिझाइन केलेल्या चिपचे मोजकेच नमुने फॅबमधून, म्हणजे चिप बनवणाऱ्या कारखान्यातून, परत येतात. तालुक्याच्या कॉलेजात तेवढ्यांवरच भागवायचं असतं. म्हणून टेस्टिंगला बसण्याआधी लॅबचं अर्थिंग तपासून घ्या. विदर्भातली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, इलेक्ट्रोडभोवतीची माती सुटते आणि अर्थिंग नावापुरतं उरतं. मग लॅपटॉपच्या किंवा स्कोपच्या (ऑसिलोस्कोपच्या) बॉडीवर फिल्टरच्या कपॅसिटरमधून मेन्सच्या निम्म्याएवढं, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास एसी चढतं. करंट नगण्य असतो, पण चिपमधल्या १.८ व्होल्टच्या ट्रान्झिस्टरच्या गेटचा जीव घ्यायला तेवढा पुरतो. इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग मोजून घ्या, उन्हाळाभर खड्ड्यात पाणी ओतत राहा. खरखर जावी म्हणून स्कोपची अर्थ पिन तोडणं तर साफ चूक आहे. त्यात माणसालाही धोका आहे.

सगळ्यात जास्त फसवतो तो प्रोब, म्हणजे चिपवरचा सिग्नल स्कोपपर्यंत नेणारं टोक. १एक्सवर (सिग्नल जसाच्या तसा नेणाऱ्या सेटिंगवर) प्रोब आणि केबल मिळून साधारण १०० पिकोफॅरड भार टाकतात. नोडचा, म्हणजे मोजायच्या बिंदूचा, रेझिस्टन्स १०० किलोओहम असेल, तर बँडविड्थ तिथंच १६ किलोहर्ट्झवर अडकते आणि आपण ॲम्प्लिफायरला नावं ठेवत बसतो. १०एक्सवर (सिग्नल दहापट कमी करणाऱ्या सेटिंगवर) हाच भार १०-१५ पिकोफॅरडवर येतो. त्यानंही ऑप-ॲम्प (चिपमधला ॲम्प्लिफायर) ऑसिलेट व्हायला, म्हणजे आपोआप डोलायला लागला, तर आउटपुटवर बफर (भार स्वतःवर घेणारं सर्किट) लावून पुन्हा बघा. ग्राउंडची लांब क्लिप काढून प्रोबच्या टोकाची छोटी स्प्रिंग वापरा. त्या वितभर वायरच्या इंडक्टन्समुळे जे रिंगिंग (सिग्नलच्या कडेला थरथर) दिसतं, ते चिपमध्ये नसतंच.

मे महिन्यात दुपारी खोलीत ४० अंश असतात, सिम्युलेशन मात्र २७ अंशांचं. ट्रान्झिस्टरचं बेस-एमिटर व्होल्टेज दर अंशाला साधारण २ मिलिव्होल्टनं घटतं, म्हणून प्रत्येक रीडिंगशेजारी तापमान लिहाच. कूलरचा झोत बोर्डावर येऊ देऊ नका: रीडिंग सरकतं, मोटरचा ५० हर्ट्झ शिरतो आणि दमट हवेत हाय-इम्पीडन्स नोडमधून करंट गळायला लागतो. पण कूलर बंद केला की कोरड्या हवेत स्टॅटिक वाढतं, तेव्हा मनगटाला अर्थला जोडलेला पट्टा हवाच.

पॅकेजचं झाकण उघडं असेल तर काळ्या कागदानं झाका. सिलिकॉनवर उजेड पडला की फोटोकरंट तयार होतो आणि नॅनोअँपिअरचा बायस (सर्किट चालू ठेवणारा ठरलेला करंट) बिघडतो.

सप्लाय बंद असताना इनपुटला सिग्नल देऊ नका. तो संरक्षक डायोडमधून शिरून चिपला अर्धवट जागं करतो, कधी लॅच-अप (चिपच्या आत सप्लायचा शॉर्ट) होऊन जाळतोही. आधी करंट लिमिट लावलेला सप्लाय, मग सिग्नल. बंद करताना आधी सिग्नल काढायचा.