ऑटोमॅटिक गाडीचं गिअरबॉक्स ऑइल: आपल्या इकडच्या उन्हात कसं सांभाळायचं

भाऊ, आता खेड्यापाड्यातही ऑटोमॅटिक गाड्या दिसून राहिल्या, पण इंजिन ऑइल सगळेच बदलवतात अन् गिअरबॉक्सच्या ऑइलचं कोणी नावच काढत नाही.

पहिले पाहा आपल्या गाडीत कोणतं ऑटोमॅटिक आहे. एएमटी (ऑटोमेटेड मॅन्युअल ट्रान्समिशन) असली तर आत हातानं गिअर टाकायच्या गाडीचाच गिअरबॉक्स राहते, फक्त क्लच दाबायचं अन् गिअर बदलवायचं काम मशीन करते, त्यात साधं गिअर ऑइल जाते. टॉर्क कन्व्हर्टरवालीत (जिच्यात क्लचऐवजी इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला जाते) एटीएफ म्हणजे ऑटोमॅटिक ट्रान्समिशन फ्लुइड, सीव्हीटीत (जी गिअरऐवजी बेल्ट-पुलीवर चालते) तिचं वेगळं, अन् सीव्हीटीत भलतंच ऑइल पडलं तर बेल्ट घसरते, मंग खर्च विचारूच नका. दुकानदार म्हणते 'हे सगळ्यात चालते', ऐकू नका, गाडीसोबतच्या पुस्तकात (मॅन्युअल) लिहिला तोच ग्रेड घ्या.

कंपनी बरेचदा 'लाइफटाइम' म्हणते, म्हणजे हे ऑइल कधी बदलवायचंच नाही. पण त्याच मॅन्युअलमध्ये 'सिव्हियर' वापर वेगळा दिला असते, म्हणजे ऊन, धूळ, घाट, ओझं, आता यातलं आपल्या इकडे काय नाही सांगा? मे महिन्यात अकोला-चंद्रपुरात पारा 45 च्या वर, अन् ऑइल जितकं तापते तितकं लवकर मरते. माझ्या मतानं टॉर्क कन्व्हर्टरवालीचं 50-60 हजार किलोमीटरला बदलवूनच टाका. बऱ्याच गाड्यांचं हे ऑइल रेडिएटरजवळच थंड होते, म्हणून कापसाचा हंगाम झाला की जाळीतली धूळ-कापूस साफ करा, इंजिन थंड असताना, पाण्याची धार हळू ठेवून.

डिपस्टिक (ऑइलची लेव्हल पाहायची पट्टी) असली तर गाडी थोडी फिरवून गरम करा, सपाट जागी उभी करा, ब्रेक दाबून लिव्हर सगळ्या गिअरमधून फिरवून पार्कवर आणा अन् मंग लेव्हल पाहा. बहुतेक गाड्यांत इंजिन चालू ठेवून पाहतात, काहीत बंद करून. नवं एटीएफ बहुतेक लाल असते. काळं अन् जळका वास म्हणजे उशीर झाला. दूध टाकल्यावानी गढूळ गुलाबी दिसलं तर कूलंट (रेडिएटरमधलं पाणी) आत गेलं, गाडी चालवूच नका. डिपस्टिक नसली तर लेव्हल ठराविक तापमानावर प्लग खोलून पाहा लागते, ते मेकॅनिकचंच काम.

बदलवताना खालून सगळं ऑइल निघत नाही, बरंचसं कन्व्हर्टरमध्ये राहते. म्हणून निघालं तितकं मोजून भरा, थोडी चालवून पुन्हा एकदा तेच करा. खूप चाललेल्या गाडीला मशीननं प्रेशर फ्लश मारायची (दाबानं जुनं ऑइल ढकलून काढायची) गरज नाही. गिअरबॉक्सखालच्या ऑइलच्या पॅनमधल्या (भांड्यातल्या) चुंबकावर राखाडी लगदा आला तर घाबरू नका, धातूचे तुकडे आले तर घाबरा.

अन् पावसाळ्यात काळ्या मातीत फसली तर रेस देऊन चाकं फिरवत बसू नका, ऑइल तिथंच उकळते. ट्रॅक्टरनं न्यूट्रलमध्ये हळू ओढून चिखलातून काढलं तर ठीक, पण इंजिन बंद असलं की आतला पंप ऑइल फिरवत नाही, म्हणून दोरी बांधून तालुक्यापर्यंत ओढत नेऊ नका, फ्लॅटबेड (गाडी पूर्ण वर चढवून नेणारा ट्रक) बोलवा, नाही तर समोरच्या चाकावर चालणारी असली तर समोरची चाकं उचलून न्या.