घाटात फिरणाऱ्या गाडीला आधी चाकांचं कोटिंग

साताऱ्यातून यवतेश्वर, केळघर असे घाट नेहमी चढता-उतरता? मग सिरॅमिक कोटिंग, म्हणजे वरून लावायचा पातळ संरक्षक थर, बॉनेटच्या आधी चाकांना द्या. उतारावर ब्रेक पॅड आणि डिस्क झिजून निघणारी गरम लोखंडी धूळ अलॉय चाकांवर चिकटते, पावसात गंजते आणि नुसत्या शाम्पूने निघत नाही.

चाक पूर्ण थंड झाल्यावर आयर्न रिमूव्हर, म्हणजे लोखंडी धूळ सोडवणारा द्रव, फवारा. तो जांभळा झाला की ३-४ मिनिटांत, वाळण्याआधी, भरपूर पाण्याने धुवा. उरलेले डाग क्ले बारने (मळ उचलणाऱ्या मऊ मातीसारख्या वडीने) काढा, मग चाक आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. तेलकटपणा राहिला तर कोटिंग धरत नाही, आणि नेमका इथेच आळस होतो. सावलीत एका वेळी एक-दोन आऱ्यांनाच कोटिंग लावा. इंद्रधनुषी झाक दिसताच मायक्रोफायबरने पुसा. उशीर झाला तर डाग कडक होतो आणि पॉलिशशिवाय जात नाही. ब्रेक डिस्कवर थेंबही नको. नंतर २४ तास पाणी नको, आठवडाभर शाम्पू नको.

गाडीच्या रंगाचं म्हणाल, तर सिरॅमिक कोटिंग दगड अडवत नाही; थर जेमतेम एक-दोन मायक्रॉनचा. महामार्गावर ट्रकमागून उडणाऱ्या खडीला १५०-२०० मायक्रॉनची पीपीएफ, म्हणजे रंग वाचवणारी पारदर्शक फिल्मच हवी. पूर्ण गाडीला कशाला? पुढचा बंपर, बॉनेटची कड, आरसे एवढं पुरे. धुताना प्रेशरचा फवारा फिल्मच्या कडेवर जवळून मारू नका, ती उचकटते.