प्लास्टिकच्या छोट्या टाकीतील पाणी ऊबदार ठेवताना

कोकणच्या किनाऱ्यावर मत्स्यटाकीला हीटर लागतो तो वर्षातून थोडेच आठवडे. डिसेंबर-जानेवारीत रात्री मतलई वारा सुटला, की कौलारू घरात पहाटेपर्यंत चांगलाच गारठा येतो, आणि पाणी जितके कमी तितके ते लवकर निवत असल्यामुळे छोट्या टाकीतील माशांना तो आधी बाधतो. तरीही प्रथम हीटर नव्हे, तर तापमापक घ्यावा व चार दिवस पहाटे आणि दुपारी पाण्याचे तापमान पाहावे. फायटर माशाला २४ ते २८ अंश सेल्सिअस मानवते. गोल्डफिशला आपल्याकडे हीटरची गरज नसते.

पहाटेचा आकडा थोडाच खाली जात असेल, तर टाकी खिडकीपासून दूर हलवून तिच्या तळाखाली व तीन बाजूंना थर्मोकोल लावणे बहुधा पुरते. त्याने भागले नाही, तर दहा ते वीस लिटरच्या टाकीसाठी थर्मोस्टॅट (ठरलेल्या तापमानाला हीटर आपोआप बंद-चालू करणारी कळ) असलेला २५ वॅटचा हीटर घ्यावा. पाच लिटरहून लहान भांड्यात मात्र हीटर घालूच नये, कारण थर्मोस्टॅट अडकला तर तेवढे पाणी पाहता पाहता जीवघेणे तापते.

प्लास्टिकच्या टाकीत खरी काळजी हीटरच्या जागेची घ्यावी लागते. माझ्या टाकीत एकदा पाणी उडून पातळी दोन बोटे खाली गेली, हीटर धरून ठेवणारा सक्शन कप सुटला, आणि उघडी पडलेली हीटरची काचनळी जेथे भिंतीला टेकली, तेथे प्लास्टिक रुपयाएवढे मऊ होऊन दबले. मासा वाचला, पण ती खूण पाहिली की आजही पोटात गोळा येतो. म्हणून हीटरला जाळीदार प्लास्टिक आवरण घालावे, तो भिंत व तळ या दोहोंपासून दूर, फिल्टरच्या प्रवाहाजवळ बसवावा आणि पाण्याची पातळी रोज पाहावी. बसवल्यावर अर्धा तास थांबून मगच बटण लावावे व तापमान तासाला एखाद्या अंशाहून वेगाने चढू देऊ नये.

वायर सॉकेटकडे जाण्यापूर्वी खाली झोळ देऊन न्यावी, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी सॉकेटमध्ये न शिरता खाली ठिबकते. खाऱ्या हवेने पितळी पिनांवर हिरवट कळंक चढतो. तो दिसताच प्लग बदलावा. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) असावा, आणि तो असला तरी प्लग काढल्याशिवाय पाण्यात हात घालू नये.

वीज गेल्यास टाकीत गरम पाणी ओतू नये. न्हाणीतल्या तांब्याच्या बंबातील तर मुळीच नाही, कारण पाण्यात उतरलेले तांबे माशांना विषारी ठरते. त्याऐवजी घट्ट बुचाच्या बाटलीत कोमट पाणी भरून ती टाकीत तरंगत ठेवावी.

थंडी सरल्यावर हीटर काढताना आधी प्लग काढावा, नळी वीस मिनिटे पाण्यातच निवू द्यावी आणि मग पुसून, पूर्ण सुकवून ठेवावी.