राडारोडा डेपोवर नेताय? या चुका टाळा

डेपोवरून गाडी परत पाठवली जाते, त्याचं कारण बहुतेक वेळा गाडी भरतानाच तयार झालेलं असतं. आमच्या घराच्या कामात हेच झालं. वर फुटक्या टाइल्स आणि विटा, तळाशी अर्धवट भरलेले रंगाचे डबे आणि जुन्या सिमेंट पत्र्याचे तुकडे. अर्धी गाडी ओतल्यावर ते दिसलं आणि सगळा माल पुन्हा हाताने भरावा लागला.

जुन्या सिमेंट पत्र्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं. पत्रा फोडला की त्याचे न दिसणारे तंतू श्वासातून फुप्फुसात जातात आणि आजार कित्येक वर्षांनी वर येतो. त्यामुळे पत्रा गाडीत बसत नाही म्हणून त्यावर घण घालू नका. पत्रा ओला करा, अख्खा उतरवा, जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळून वेगळा न्या. तो सगळीकडे घेत नाहीत. निघण्याआधी फोन करून विचाराच.

फॉल्स सीलिंगचे जिप्सम बोर्डही वेगळे ठेवा. ओल्या, हवाबंद ढिगात जिवाणू त्यातल्या सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. सडक्या अंड्यांसारखा वास येणारा हा वायू विषारी असतो. स्वच्छ काँक्रीट आणि विटा शक्यतो क्रशरवर द्या, तिथे त्यांची खडी होते.

वजनाचा अंदाज डोळ्यांनी घेऊ नका. एक घनमीटर सलग काँक्रीट साधारण 2400 किलो भरतं. फोडलेला, पोकळ्या असलेला माल त्याहून हलका, तरी टनाच्या वरच. त्यामुळे हौदा अर्धा रिकामा दिसत असतानाच गाडी ओव्हरलोड झालेली असते. पावसात भिजलेल्या ढिगाचं वजन आणखी वाढतं आणि वजनकाट्यावर त्या पाण्याचेही पैसे जातात. ढीग आधीपासून झाकून ठेवा, गाडीवर ताडपत्री बांधा.

सगळ्यात जिवावरची चूक गाडी रिकामी करताना होते. डेपोची जमीन भुसभुशीत असते आणि हौदा वर गेला की एका चाकाखालचा खड्डाही गाडी आडवी करायला पुरतो. सपाट, घट्ट जागा बघा, वर विजेच्या तारा नाहीत ना ते पाहा, शेजारच्या गाडीपासून लांब राहा. मागचं फाळकं उघडल्याची खात्री करूनच हौदा उचला. ओली माती वरच्या टोकाला चिकटून बसली तर गाडीला झटके देऊन ती पाडायला जाऊ नका. हौदा खाली घ्या, मग माल मोकळा करा. उचललेल्या हौद्याखाली कुणालाही, क्षणभरसुद्धा, जाऊ देऊ नका.