मृगाआधी गोठ्यातली हिरवी वायर बघा

रोहिणी लागल्या, मृग तोंडावर आला. बी-बियाण्याची घाई सगळ्यांनाच आहे, म्हणून नेहमीची कामं एका दमात सांगून टाकतो:

- सोयाबीन: घरच्या बियाण्याची उगवण तपासा. 100 पैकी किमान 70 दाणे उगवले पाहिजेत. 75 ते 100 मिमी पाऊस झाल्याशिवाय पेरू नका.
- कपाशी: जूनआधी लागवड नको.
- जनावरं: घटसर्प, फऱ्याची लस राहिली असेल तर याच आठवड्यात.
- कडबा, भुसा: जमिनीपासून उचलून, ताडपत्रीखाली.

आता खरं काम, गोठ्याचं अर्थिंग तपासायचं. हे पेरणीच्याही आधी करा.

गेल्या पावसाळ्यात एका वस्तीवर गेलो, तेव्हा गोठ्यात दोन म्हशी आडव्या पडलेल्या होत्या. दोघींच्या साखळ्या एकाच लोखंडी खांबाला. त्याच खांबाला टेकून कडबाकुट्टी. मी गोठ्यातला बोर्ड उघडायला लावला. आत हिरवी, म्हणजे अर्थिंगची वायर होती, टोक स्वच्छ सोललेलं, आणि ते भिंतीतल्या खिळ्याला चार वेढे देऊन गुंडाळलेलं. खिळा विटेत, मागे काहीच नाही. घराला मात्र अर्थिंगचा खड्डा व्यवस्थित होता, झाकणासकट. घरातून गोठ्यापर्यंत साठ पावलांवर फक्त दोन वायरी आल्या होत्या, फेज आणि न्यूट्रल. तिसरी आणलीच नव्हती. घराचं अर्थिंग घरापाशीच राहिलं.

हे मी एकाच ठिकाणी पाहिलेलं नाही. गोठा, विहिरीवरचं मोटारघर, पॅकिंगची शेड, घरापासून सुटी असलेली कुठलीही इमारत घ्या. बोर्ड नवा, एमसीबी (जास्त लोड आला की पडणारे स्विच) नवे, आणि हिरवी वायर खिळ्याला, नाहीतर पत्र्याच्या स्क्रूला, नाहीतर कुठेच नाही. म्हणून आजच जा आणि ती वायर बोटाने धरून तिच्या टोकापर्यंत चालत जा. वायरमनने सांगितलं यावर जाऊ नका, स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

करंट उतरला तर फ्यूज उडेल, असं बरेच जण धरून चालतात. उडत नाही. समजा खड्डा आहे, पण उन्हाने वाळून त्याचा रोध 20 ओहमवर गेलाय. मोटारीच्या बॉडीवर फेज उतरला, तर 230 व्होल्टला जेमतेम साडेअकरा अँपिअर जमिनीत जातील. 16 अँपिअरचा एमसीबी त्यावर पडत नाही. म्हणजे कडबाकुट्टी, खांब, साखळी सगळं भारलेलं राहतं आणि कुणाला पत्ता नसतो. आपल्या पायात चप्पल असते. म्हशीचे चारही खूर ओल्या फरशीवर, पुढच्या-मागच्या पायांत दीड मीटरचं अंतर, आणि मध्ये काळीज. माणसाला नुसती झिणझिणी येईल एवढ्यावर जनावर पडतं. गाय अचानक पाणी प्यायची थांबली, गव्हाणीला तोंड लावून मागे सरकायला लागली, तर मी तरी आधी मेन बंद करतो आणि मग डॉक्टरांना फोन लावतो.

करायचं काय ते सांगतो. परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या.

घरातून गोठ्याकडे तीन कोअरची केबल आणा, म्हणजे अर्थची वायरही सोबत येईल. शिवाय गोठ्याला स्वतःचा खड्डा हवाच. जीआय पाइप किमान अडीच मीटर लांब, 38 मिमी आतल्या व्यासाचा, भोवती कोळसा आणि मिठाचे थर, भिंतीपासून दीड मीटर लांब. तिथून बोर्डापर्यंत आठ नंबरची जीआय तार, जोड नट-बोल्टने आवळलेले, पिळलेले नकोत. कडबाकुट्टी, लोखंडी खांब, गव्हाणीची नळी, पाण्याचा पाइप, दूध काढायचं यंत्र, सगळं त्याच अर्थला जोडा. एकही लोखंड सुटं ठेवू नका.

खड्डा कुठे घ्यायचा याबद्दल माझा अंदाज असा, की वैशाखातही जिथे हरळी हिरवी दिसते तिथे घ्या. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पाइपला सोडून देते, मुरमात ओल टिकत नाही. धुण्याचं पाणी सांडतं ती जागा चांगली. गोमूत्राची नाली मात्र टाळा, पाइप लवकर खाल्ला जातो असं मला दिसलंय. जनावरांच्या येण्या-जाण्याच्या वाटेवर तर खड्डा नकोच. एप्रिल-मेमध्ये आठवड्याला दोन बादल्या पाणी ओता.

गोठ्यातल्या बोर्डात न्यूट्रल आणि अर्थ एकत्र जोडू नका. हे दोनदा वाचा. काही वायरमन अर्थिंग मजबूत होतं म्हणून पट्टी मारून देतात. वाऱ्यात घर ते गोठा न्यूट्रल तुटला, की बल्बातून आलेला फेज त्या पट्टीवरून थेट खांबावर उतरतो. तसंच लोडशेडिंगमध्ये एक फेज आणि अर्थिंगवर बल्ब लावायची सवय सोडा. त्या अर्थला तुमची जनावरं बांधलेली आहेत.

त्यानंतर आरसीसीबी, म्हणजे करंट जमिनीत गळला की लाइन तोडणारा स्विच, 30 मिलिअँपिअरचा, आयएसआय मार्कचा. फ्यूज जे करत नाही ते हा करतो. बॉडीतून थोडा जरी करंट जमिनीत गेला तरी क्षणात पडतो, खड्डा कमकुवत असला तरीही. जास्त लोडसाठी सोबत एमसीबी लागतोच. घरालाही आरसीसीबी बसवा, नाहीतर घरातला दोष त्याच हिरव्या वायरीने गोठ्यात येईल. महिन्यातून एकदा टेस्टचं बटण दाबा. पण बटण दाबल्यावर पडला म्हणजे अर्थिंग चांगलं, असं नाही. हिरवी वायर खिळ्याला असली तरी ते बटण चालतं.

बल्बची परीक्षाही अशीच फसवी आहे. फेज आणि अर्थवर 100 वॉटचा बल्ब लावून लख्ख पेटला की खड्डा पास करतात. तो बल्ब अर्धा अँपिअरसुद्धा घेत नाही. 50 ओहमच्या खड्ड्यावरही तो लख्खच पेटणार, आणि तेवढा वेळ खांबावर वीस व्होल्ट चढणार. अर्थ टेस्टरनेच मोजून घ्या. 5 ओहमच्या आत आला तर उत्तम.

दुकानदार या दिवसांत केमिकल अर्थिंगचा रॉड आणि पावडरची पिशवी पुढे करतात, सोबत वीज वाचवणारा डबाही. तो डबा घेऊच नका. रॉड वाईट नाही, पण आरसीसीबी नसताना रॉडवर पैसे घालणं मला पटत नाही. आधी आरसीसीबी, मग वायर, मग कोळसा. एवढं होऊन पैसे उरले तर रॉडचं बघू.

विहिरीवरच्या स्टार्टरला हेच सगळं लागू. पेटीच्या दाराला आणि मोटारीच्या बॉडीला अर्थ आहे का बघा. ऑटो स्विच काढून टाका. रात्रीची लाइट आली की मोटार आपोआप सुरू होते, आणि त्याच वेळी कुणीतरी फूटव्हॉल्व्हला हात घालून उभा असतो. डीपीजवळच्या (ट्रान्सफॉर्मरजवळच्या) खांबाला किंवा ताणाच्या तारेला जनावर बांधू नका.

पहिला पाऊस पडला आणि आरसीसीबी पडला, तर तो काडी लावून अडकवू नका, बायपास तर मुळीच नको. आधी जनावरं बाहेर काढा. कडबाकुट्टीचा प्लग काढा, बाकीचे एमसीबी खाली करा, आरसीसीबी चढवा. मग कोरड्या हाताने, पायात रबरी चप्पल घालून, एकेक एमसीबी वर करा. ज्यावर पडेल तिथे ओल शिरली आहे. ती लाइन बंदच ठेवून वायरमनला बोलवा. लाइनची तार तुटून पडली असेल तर जवळ न जाता 1912 वर फोन करा.