ट्रिअर एका दिवसात कसं बघायचं

रोमन अवशेष म्हटलं की सगळे इटलीकडे धावतात, पण तुम्ही जर्मनीत किंवा लक्झेंबर्गला असाल, किंवा मुलाकडे आलेल्या आईबाबांना कुठे न्यावं असा प्रश्न असेल तर जर्मनीतल्या ट्रिअर या जुन्या रोमन शहरात जाच. लक्झेंबर्गहून ट्रेनने तासाभरात पोचता, फ्रँकफर्टहून मात्र लोकल गाड्यांनी कोब्लेन्झला बदलून साडेतीन तास तरी धरा, डॉइचलांडटिकेट (जर्मनीभरच्या लोकल गाड्यांचा मासिक पास) चालतं. सकाळची गाडी पकडा नि डबा सोबत ठेवा. सोमवार टाळा, म्युझियम बंद असतं.

स्टेशनपासून दहा मिनिटं चाललं की पोर्टा निग्रा, म्हणजे काळा दरवाजा, रोमन शहराची वेस. इ.स. १७० च्या सुमाराचा. बहुतेक लोक समोर सेल्फी काढतात आणि पुढे जातात, तसं करू नका, आधी भिंतीच्या अगदी जवळ जा. दगडांमध्ये चुना नाहीच, लोखंडी आकडे शिसं ओतून बसवले होते, मध्ययुगात लोकांनी ते आकडे खणून काढून नेले, त्याची भोकं आजही सांध्यांसांध्यांवर दिसतात, हात लावून बघा. एवढं होऊनही ही वास्तू उभी आहे कारण १०३० च्या आसपास सिमेऑन नावाच्या साधूने इथे स्वतःला कोंडून घेतलं, त्याच्या मृत्यूनंतर इथे चर्च झालं नि दगड वाचले. पुढे नेपोलियनने चर्च काढायला लावलं, पण वर गेलात तर चर्चचं कोरीवकाम अजून भिंतीवर सापडतं. तिकीट काढून वर जाच, आणि दोन-तीन ठिकाणं बघणार असाल तर म्युझियमसकटचं एकत्र तिकीट, म्हणजे आंटिकेनकार्ड, घ्या.

मग बाजाराच्या चौकातून डोम, म्हणजे शहराचं मुख्य कॅथेड्रल, तिथून रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनची बॅसिलिका, म्हणजे भलामोठा सभामंडप. ही माझी सगळ्यात आवडती जागा. ६७ मीटर लांब, ३३ मीटर उंच, आत एकही खांब नाही. सम्राटाचा दरबार होता, आता प्रोटेस्टंट चर्च आहे, त्यामुळे रविवारी सकाळी प्रार्थनेची वेळ सोडून जा. मागच्या बाकावर पाच मिनिटं गप्प बसा नि समोरच्या अर्धगोलातल्या खिडक्या बघा, त्या मुद्दाम लहान केल्यात म्हणजे सम्राट बसायचा ती बाजू आणखी लांब वाटावी.

तिथून बागेतून म्युझियम. १९९३ मध्ये खोदकामात सापडलेली अडीच हजारांवर सोन्याची नाणी आहेत, साडेअठरा किलो! वेळ कमी असेल तर बाकी सोडा पण ती बघा. कायझरथेर्मेन, म्हणजे रोमन सम्राटांचं स्नानगृह, कधी पूर्ण झालंच नाही, जमिनीखालचे बोगदे मात्र फिरता येतात, मुलांना खूप आवडतं. अँफिथिएटर, म्हणजे रोमन खेळांचं उघडं मैदान, पुढे चढावर आहे, आईबाबांचे गुडघे दुखत असतील तर हे वगळलं तरी चालेल.

पण रोमन पूल वगळू नका. त्याला तिकीट नाही, काही नाही, म्हणून कोणी जात नाही. संध्याकाळी मोझेल नदीच्या काठच्या रस्त्यावरून बघा, खालचे बहुतेक काळे खांब दुसऱ्या शतकातले आहेत आणि वरून आजही गाड्या नि बस जातायत. दमला असाल तर स्टेशनला बसनेच परत जा.