नामिबियाला निघालात? निदान या चुका तरी करू नका

आफ्रिकेच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरच्या नामिबियाची चौकशी करणाऱ्या फोनवर दुसरं वाक्य ठरलेलं असतं. "आठ दिवसांत सगळं कव्हर होईल ना?" सगळं म्हणजे सॉससव्लेईचे वाळूचे डोंगर, स्वाकोपमुंडचा किनारा, उत्तरेचा ओसाड स्केलेटन कोस्ट, प्राण्यांसाठीचं इटोशा उद्यान आणि जमलंच तर जाता जाता देशाबाहेरचा व्हिक्टोरिया फॉल्स. बरीच वर्षं मी मराठी मंडळींना या देशात फिरवते आहे. कव्हर गादीला घालतात, हे वाक्य आता माझ्या तोंडून आपोआप निघतं.

आधी देशाचा आवाका लक्षात घ्या. क्षेत्रफळ सुमारे 8 लाख 25 हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या अडीचपटीहून जास्त. माणसं 2023 च्या जनगणनेनुसार 30 लाखांच्या आसपास. 2011 मध्ये एकट्या पुणे शहरात याहून जास्त होती. त्यामुळे दोन गावांच्या मध्ये चहाची टपरी, पंक्चरवाला, ढाबा असलं काहीही लागत नाही. लागते ती खडी.

नकाशावर दिसणारे तास खरे मानणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक. सॉससव्लेईला जाताना लागणाऱ्या सेस्रीमहून किनाऱ्यावरचं वॉल्विस बे तीनशे-सव्वातीनशे किलोमीटर. फोन सांगतो चार तास, आणि लोक लगेच हिशेब मांडतात, जेवायला किनाऱ्यावर पोचू. रस्ता डांबरी नाही, सुट्ट्या खडीचा आहे. वाहनांनी त्यावर पन्हाळी पत्र्यासारख्या लाटा पाडलेल्या असतात. वेग वाढवला की हादरे कमी बसतात आणि नवशिक्याला वाटतं, जमलं की आपल्याला! खरं तर तेव्हा चाकांची जमिनीवरची पकड सुटत आलेली असते. मग एक वळण, एक ब्रेक किंवा समोर आलेलं एखादं हरीण पुरतं. इथे कुणी येऊन धडकावं लागत नाही, गाडी आपली आपणच उलटते.

एका ग्रुपबरोबर चार तरुण मुलं होती. त्यांना आमच्या बसमध्ये बसायचं नव्हतं, स्वतंत्र गाडी भाड्याने घेऊन मागोमाग यायचं होतं. "ताई, एक्स्प्रेसवेवर रोज गाडी मारतो आम्ही." मी नाही म्हणायला हवं होतं, म्हटलं नाही, ही माझी चूक. वाटेतल्या सॉलिटेअर या थांब्यावर सगळ्यांनी ॲपल पाय खाल्ला, तोवर पोरं बरी वागत होती. पुढे मकरवृत्ताची पाटी लागते. तिथे आमची मंडळी फोटोला उतरली आणि ही चौघं हात हलवत, धुरळा उडवत पुढे गेली. तासाभराने गाउबच्या घाटापलीकडे आम्हाला त्यांची गाडी दिसली, रस्त्याच्या कडेला, चारही चाकं आभाळाकडे. फुटलेला टायर एवढासा चोथा होऊन पडला होता. सगळ्यांनी पट्टे लावले होते म्हणून एका खांद्याच्या हाडावर निभावलं. फोनला रेंज नव्हती. आमच्या ड्रायव्हर-गाइडने एक शब्द न बोलता त्यांच्या बॅगा आमच्या बसवर बांधल्या. दुसऱ्या दिवशीची सँडविच हार्बर या किनाऱ्याची सहल अख्ख्या ग्रुपची बुडाली, कारण मी दवाखान्यात बसले होते. गाडीत वेगाची नोंद ठेवणारं यंत्र होतं, आकडा निघाला ताशी 118. विमा हात वर करून मोकळा. परत आल्यावर त्यातल्या एकाच्या वडिलांनी मलाच विचारलं, तुम्ही अडवलं का नाही?

तेव्हापासून माझे नियम ठरलेले आहेत. खडीवर सत्तरच्या वर जायचं नाही, पाटीवर शंभर लिहिलेलं असलं तरी. दुपारी चारनंतर चाक हलवायचं नाही, कारण संधिप्रकाशात कुडू आणि ओरिक्स ही मोठी हरणं रस्त्यावर येतात. टाकी अर्धी भरलेली असली तरी दिसेल त्या पंपावर भरायची. माणशी पाच लिटर पाणी, दोन स्टेपन्या. खडी लागायच्या आधी टायरमधली हवा किती कमी करायची ते गाडी देणाऱ्याला विचारून घ्यायचं. आणि स्वतः चालवणार असाल तर राजधानी विंडहुकमध्ये गाडी घेता त्या आवारातच एकदा चाक बदलून बघायचं. जॅक कुठे ठेवलाय हे वाळवंटात शोधत बसलेले इंजिनिअर मी पाहिले आहेत.

वाळूत उशिरा जाणं, आणि शेवटच्या पाच किलोमीटरवर शहाणपणा

सेस्रीमला उद्यानाचं फाटक आहे, तिथून सॉससव्लेईकडे साठेक किलोमीटर डांबरी रस्ता आहे. फाटकाबाहेर मुक्काम असेल तर सूर्योदयाला आत सोडतात. उद्यानाच्या आत मुक्काम असेल तर त्याच्या तासभर आधी निघता येतं. तांबड्या डोंगरांच्या एका कुशीत अंधार आणि दुसरीत उजेड हे दृश्य त्या पहिल्या तासाचंच असतं. लॉजचा नाश्ता निवांत करून दहाला पोचलेल्यांना सपाट पिवळी वाळू दिसते आणि ते म्हणतात, फोटोत जास्त छान होतं. म्हणून आतला मुक्काम महाग पडला तरी मी तोच घेते आणि नाश्ता डब्यात बांधून नेते.

शेवटचे चार-पाच किलोमीटर नुसती वाळू. फोर बाय फोर भाड्याने घेतली म्हणजे ती वाळूत चालवता येते असं नाही. तिथली शटल घ्या. रुतलेल्या गाडीभोवती फावडं घेऊन वाकलेली माणसं शटलमधून बघायला मजाही येते. पुढे डेडव्लेई या सुकलेल्या तळ्यात पांढऱ्या मातीवर काळी पडलेली झाडं उभी आहेत. ती मरून सहा-सातशे वर्षं झाली. हवा इतकी कोरडी की कुजायलाही ओल मिळाली नाही. त्यांना टेकू नका, चढू नका. एका गृहस्थांनी फांदीला टोपी अडकवली होती. मी ओरडले ते अख्ख्या खोलगटात घुमलं.

आफ्रिका म्हणजे ऊन

नाही. जून ते ऑगस्टमध्ये वाळवंटातली रात्र शून्याच्या आसपास उतरते, आणि मंडळी हाफ पँटी घेऊन आलेली असतात. किनाऱ्याची तऱ्हा वेगळीच. बेंगेला नावाचा थंड प्रवाह लगत वाहतो, त्याच्यावरून येणारी हवा धुकं घेऊन येते. स्वाकोपमुंडची सकाळ म्हणजे पाऊस नसलेलं पावसाळी महाबळेश्वर. गुहागरसारखं समुद्रात डुंबायचं मनातून काढून टाका. वाळवंटावरून उडणाऱ्या छोट्या विमानाचं तिकीट पहिल्याच सकाळचं काढू नका, धुक्यात ते उडतच नाही. स्वेटर हातातल्या बॅगेत ठेवा.

बाकीच्या चुका एकेका ओळीत. अदिस अबाबामार्गे जाणार असाल तर पिवळ्या तापाच्या लशीची चौकशी तिकिटाआधी करा, प्रमाणपत्र लस घेतल्यावर दहा दिवसांनी लागू होतं. दक्षिण आफ्रिकेचा रँड नामिबियात चालतो, उरलेले नामिबियन डॉलर मात्र जोहान्सबर्गमध्ये कुणी घेत नाही. वाळूत उभं राहून कॅमेऱ्याची लेन्स बदलू नका. शाकाहारी असाल तर विंडहुक आणि स्वाकोपमुंडच्या सुपरमार्केटमध्ये पिशवी भरून घ्या, मधल्या गावांत पर्याय म्हणजे चिप्स. हिंबा जमातीच्या बायकांचे फोटो न विचारता काढू नका. आपल्या अंगणात कुणी असा कॅमेरा घेऊन शिरला तर काय कराल? आणि किनाऱ्यावरच्या केप क्रॉसला सील बघायला भरल्या पोटी जाऊ नका. हजारो सील एका जागी राहतात तिथे वास कसा येतो हे मी सांगून कुणाला पटलेलं नाही.

इटोशात पळत सुटणं

ही माझी दुसरी नावडती चूक. इटोशा 22 हजार चौरस किलोमीटरहून मोठं आहे, मधोमध मिठाचं पांढरं पात्र. लोकांना वाटतं, जितकं जास्त फिरू तितके जास्त प्राणी. "त्या गाडीला सिंह दिसला म्हणे, चला!" तिथे पोचेपर्यंत सिंह झाडीत, आणि दुसरीकडून बिबट्याची बातमी. दिवसभर धुरळा खाऊन संध्याकाळी हिशेब होतो, एवढे पैसे भरून झेब्रेच?

जून ते ऑक्टोबर रान सुकलेलं असतं आणि पाणी मोजक्या पाणवठ्यांवर उरतं. जनावर तिथे येणारच. तुम्ही फक्त इंजिन बंद करून बसायचं. मेळघाटात बुद्धपौर्णिमेला मचाणावर रात्र काढलेल्याला हे समजावून सांगावं लागत नाही. मी नेब्राउनीच्या पाणवठ्यावर सलग तीन तास बसवते. पहिल्या अर्ध्या तासात कुरकुर, मग चिवड्याची पाकिटं, मग पांढरी धूळ माखलेले हत्ती ओळीने येतात आणि बसमध्ये चिवड्याचा आवाजही बंद होतो.

ओकाकुएयोच्या मुक्कामात तर कुंपणाला लागूनच पाणवठा आहे, रात्रभर दिवे असतात. एकदा जेवणाआधी सगळे तिथे गेले, वीस मिनिटं बघितलं, दोन कोल्हे आले. "इथे काही नाही," म्हणून मंडळी बुफेकडे गेली आणि जेवून खोल्यांत झोपायला. नाशिकच्या एक काकू मात्र शाल पांघरून, थर्मास घेऊन बाकावर बसून राहिल्या. मी त्यांना बोलवायला गेले तर त्यांनी तोंडावर बोट ठेवलं. समोर काळ्या गेंड्याची मादी आणि तिचं पिल्लू पाणी पीत होतं. मग दुसरा गेंडा आला, फुरफुर झाली, पिल्लू आईच्या पोटाखाली शिरलं. साडेअकरापर्यंत आम्ही दोघी बसलो. थर्मासमधला चहा कधीच गार झाला होता, तरी तो प्यायलो.

सकाळी नाश्त्याला त्यांनी शांतपणे फोन पुढे केला. फोटो अंधुक होते, पण दोन शिंगं स्पष्ट दिसत होती. टेबलावर आधी शुकशुकाट झाला, मग तीन-चार जण माझ्याकडे वळून म्हणाले, आम्हाला उठवलं का नाही? दुसऱ्या रात्री जेवण होताच सगळा ग्रुप बाकांवर हजर होता, आणि काकूंना मधली जागा मिळाली.